पाठ जुनी, पाय नवे



या पंधरवड्याचा विषय आहे खुर्ची. हसू नका. आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या दिवाणखान्यात हल्ली एखादी तरी अशी खुर्ची असते, जिची पाठ किंवा हात जुन्या कोरीव लाकडाचे असतात आणि बाकीचा सांगाडा चार-पाच वर्षांपूर्वी नव्याने केलेला असतो. वरून पॉलिश असं एकसारखं मारतात की जुनं कुठे संपलं आणि नवं कुठे सुरू झालं, ते बसणाऱ्याला कळत नाही. पाहुणे विचारतात, "अगं बाई, अँटिक का?" आणि आपण म्हणतो, "हो, अँटिक."

ते "हो" खरं आहे का, एवढाच आजचा प्रश्न. वरवर फर्निचरचा दिसतो, पण सत्य कसं आचरायचं या आपल्या रोजच्या अभ्यासातलाच आहे. उघड उघड खोटं बोलणं आपण बहुतेक जण टाळतोच. अडचण येते ती अर्धं खरं असतं तिथे.

आधी हे लाकूड येतं कुठून ते बघू. अहमदाबादच्या पोळांमध्ये, पाटण-सिद्धपूरकडे आणि आमच्या वडोदऱ्यातही जुन्या घरांचं लाकूडकाम फार देखणं असतं. खांब, दारांच्या चौकटी, आणि वरच्या मजल्याची तुळई पेलणारे कोरीव टेकू. या टेकूंना इथे मदल म्हणतात. त्यावर मोर, पोपट, वेलबुट्टी. गायकवाडांबरोबर अठराव्या शतकापासून जी मराठी मंडळी इथे येऊन राहिली, त्यांनी वाडे बांधले तेही इथल्याच सुतारांकडून. म्हणजे माणसं मराठी आणि मदल गुजराती. आता एकेक वाडा पडतो, तिथे फ्लॅट होतात, आणि ते लाकूड वखारीत जातं. साधं लाकूड फळ्या कापायला, कोरीव लाकूड बाजूला. त्याचा भाव वेगळा. गोव्याच्या गुरुभगिनींना हे सांगायला नको. तिथल्या जुन्या घरांतल्या वेताने विणलेल्या शिसवी खुर्च्यांच्या मागे कोण कोण फिरत असतं, ते त्यांनाच विचारा.

इथल्या कोरीवकामावर परदेशी माणूस भाळला ही काही आजची गोष्ट नाही. लॉकवूड डी फॉरेस्ट नावाचे अमेरिकन चित्रकार इथे आले, आणि १८८१ साली त्यांनी मगनभाई हठीसिंग यांच्यासोबत अहमदाबादेत लाकडी कोरीवकामाची कंपनीच काढली. जुन्या नमुन्यांवरून इथल्या कारागिरांनी नवं काम करायचं आणि ते अमेरिकेतल्या श्रीमंत घरांत जाऊन बसायचं. त्यात कारागिराच्या हाताला काम मिळालं आणि माल नवा आहे हेही उघडच होतं. मला त्यात काही वावगं दिसत नाही.

वावगं कुठे सुरू होतं ते इंग्लंडमध्ये चांगलं दिसतं. फ्रान्सच्या राज्यक्रांतीनंतर युरोपातल्या कितीतरी चर्चमधलं आणि मठांमधलं कोरीव लाकूड बाहेर पडलं आणि विकलं गेलं. त्यातलं बरंचसं समुद्र ओलांडून इंग्लंडला आलं. तिथे त्या काळी श्रीमंतांना जुन्या राजेरजवाड्यांच्या थाटाचे दिवाणखाने सजवायची हौस लागली होती. पण मूळच्या जुन्या खुर्च्या अशा किती उरलेल्या असणार? मग लंडनमध्ये वॉर्डर स्ट्रीट नावाच्या रस्त्यावरच्या दुकानदारांनी मार्ग काढला. एखाद्या चर्चच्या कठड्याची कोरीव फळी घ्यायची, तिला नवे पाय, नवे हात लावायचे, सगळ्यावर गडद रंग चढवायचा, आणि तीनशे वर्षांपूर्वीची खुर्ची तयार! तो रस्ता या कामासाठी इतका गाजला की लेखकांच्या ओढूनताणून जुनाट केलेल्या इंग्रजी भाषेलाही लोक त्या रस्त्याचंच नाव देऊ लागले. (आपल्याकडच्या ऐतिहासिक मालिकांमधलं मराठी ऐकलं की मला हेच आठवतं. "आम्ही येतो आहोत" एवढं म्हटलं की झाली पेशवाई.) पुढे १९३१ साली हर्बर्ट सेसिन्स्की या जाणकाराने फर्निचरच्या नकली कामावर एक अख्खं पुस्तक लिहिलं, म्हणजे हा धंदा किती मुरला होता बघा.

जोडकाम ओळखायचं कसं? आमच्याकडे काम करणारे मिस्त्री वयाने सत्तरीचे आहेत. त्यांनी एकदा सहज बोलता बोलता काही खुणा सांगितल्या आणि पुढे मी वाचलं त्यातही त्याच निघाल्या. पहिलं म्हणजे खुर्ची उलटी करायची. वरून सगळेच सजवतात, खालून कुणी सजवत नाही. हाताच्या करवतीचे ओरखडे सरळ जातात, यंत्राच्या गोल करवतीचे ओरखडे कमानीसारखे वळतात, आणि ती गोल करवत सगळीकडे पसरली एकोणिसाव्या शतकात. त्याच्या आधीची म्हणून सांगितलेल्या खुर्चीच्या पोटाशी कमानी दिसल्या तर समजायचं. दुसरं, लाकूड वर्षानुवर्षं सुकत जातं तसं आडव्या अंगाने आकसतं, लांबीत नाही. त्यामुळे कातलेला जुना गोल पाय मोजून पाहिला तर नेमका गोल नसतो, किंचित चपटा असतो. तिसरं, कामाशिवायची खाच. जिथे आता काहीच येऊन बसत नाही अशा ठिकाणी भोक किंवा बुजवलेली खाच असेल, तर ते लाकूड पूर्वी कुठेतरी दुसरं काम करत होतं. आणि नक्षीचा वेल कडेला मध्येच तुटला असेल, मोराला चोच नसेल, तर फळी बसवण्यासाठी कापली आहे.

मला सगळ्यात आवडलेली खूण किडीची. लाकूड पोखरणारी कीड आत बोगदे करत राहते आणि बाहेर पडताना पृष्ठभागावर फक्त बारीक गोल छिद्र ठेवते. म्हणून किडलेल्या जुन्या लाकडावर टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं दिसायला हवीत. त्याऐवजी लांबच लांब उघड्या नाल्या दिसल्या, तर कीड लागून गेल्यावर कुणीतरी ते लाकूड कापलं आहे. बोगदे आतून उघडे पडले आहेत. आपला साग सहसा किडत नाही, पण त्याचा बाहेरचा पांढरा भाग किडतो, तिथे पाहावं.

आता तुम्ही म्हणाल, एवढी तपासणी करणारा फसणार नाही. पण फसवणारा जर स्वतःच सगळ्यात मोठा तपासनीस असेल तर?

फ्रान्समध्ये नेमकं हेच झालं. बिल पालो नावाचे गृहस्थ अठराव्या शतकातल्या फ्रेंच खुर्च्यांचे सर्वांत नावाजलेले जाणकार होते. त्यांचा त्या विषयावरचा ग्रंथ अभ्यासक वापरत. ब्रूनो देनू हे अव्वल दर्जाचे लाकूड कोरणारे, व्हर्सायच्या राजवाड्याच्या दुरुस्तीची कामं करणारे. या दोघांनी मिळून राजघराण्याच्या खुर्च्या "शोधायला" सुरुवात केली. लिलावात स्वस्तात मिळणारे जुने सांगाडे घ्यायचे, नवं कोरीवकाम करायचं, जुनाट करायचं, मग सोनेरी मुलामा देणाऱ्याकडे, मग गादी शिवणाऱ्याकडे. तयार झालेली खुर्ची मारी आंत्वानेत राणीची किंवा राजाच्या मर्जीतल्या बाईची म्हणून बाजारात. त्यांतल्या काही खुद्द व्हर्सायच्या राजवाड्याने विकत घेतल्या. दोन खुर्च्यांना तर फ्रेंच सरकारने राष्ट्रीय ठेवा म्हणून जाहीर केलं आणि त्या पुढे कतारच्या एका राजपुत्राकडे २० लाख युरोंना गेल्या. २०१६ साली दोघांना अटक झाली आणि जून २०२५मध्ये न्यायालयाने त्यांना दोषी ठरवलं.

या प्रकरणातली एक गोष्ट स्वयंपाकघरातली आहे म्हणून सांगते. पालो यांच्याच एका जुन्या विद्यार्थ्याला संशय आला होता. देनू लाकडाला मळकट जुना रंग यावा म्हणून ज्येष्ठमध विरघळवून लावतात, हे त्याला माहीत होतं. त्याने काय करावं? सरळ खुर्चीला जीभ लावून पाहिली! आणि ज्येष्ठमधाची चव लागली. खोकल्यावर आपण चघळतो तोच ज्येष्ठमध. त्याच्या संशयाची खात्री जिभेने झाली, याचं मला फार नवल वाटलं. पण त्याहून जास्त विचार करायला लावलं ते त्या दोघांच्या कौशल्याने. इतकं ज्ञान, इतका कसलेला हात. त्याच खुर्च्या "आम्ही केल्या" म्हणून विकल्या असत्या तर? त्या कामाचा गौरव झाला असता. पैसे मात्र इतके मिळाले नसते, हेही खरं.

इथे कुणी म्हणेल की मग जोडकामच वाईट, जुनं ते जुन्या जागी राहू द्यावं आणि नवं ते नवं असावं. हे मला पटत नाही. कारण तसा शुद्ध हिशोब लावायला गेलं तर जगात काहीच जुनं उरत नाही. मिलिंद राजाला नागसेन भिक्षूंनी रथाबद्दल विचारलं होतं ते आठवा. चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? दांडी? राजा प्रत्येकाला नाही म्हणत गेला. मग रथ आहे कुठे? खुर्चीलाही हाच प्रश्न लागू. बसकीचा वेत दर काही वर्षांनी बदलतोच, पायाला खालून तुकडा जोडावाच लागतो. आजीच्या झोपाळ्याच्या कड्या बदलल्या, पाट बदलला, तरी आपण आजीचाच झोपाळा म्हणतो आणि ते खोटं नसतं. सगळ्यांना माहीत असतं काय काय बदललं ते.

सगळ्यांना माहीत असतं. माझ्या मते सगळी गोम इथे आहे.

आपल्या परंपरेत जुन्यात नवं मिसळण्याला कधीच कमीपणा मानलेला नाही. त्याला जीर्णोद्धार असा मानाचा शब्द आहे. इंदूरच्या मंडळींना अभिमान वाटेल असं उदाहरण म्हणजे अहिल्याबाई होळकरांनी १७८० साली काशी विश्वनाथाचं मंदिर पुन्हा बांधलं. ते मंदिर युगानुयुगं तसंच उभं होतं असं कुणीही सांगत नाही. अहिल्याबाईंनी बांधलं असंच सांगतात, आणि त्याने विश्वनाथाचं काही कमी होत नाही. जगन्नाथपुरीला तर देवाच्या मूर्तीच लाकडाच्या. ठरावीक वर्षांनी कडुनिंबाचं नवं झाड शोधतात, नव्या मूर्ती घडवतात आणि जुन्या मूर्तीतलं जे ब्रह्म, ते नव्या मूर्तीत ठेवतात. नवकलेवर म्हणतात त्याला. १९९६ साली झालं, मग २०१५ साली. जुना गाभा, नवं लाकूड. अवघ्या जगाला सांगून, पंचांग बघून, लाखो लोकांच्या साक्षीने. तिथे डोळ्यांवर पट्टी बांधून जे गुप्तपणे करतात ते फक्त गाभ्याचं स्थलांतर. मूर्ती नवी आहे ही गोष्ट गुप्त नसते.

खुर्चीचंच उदाहरण हवं असेल तर ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात एक खुर्ची आहे. ड्रेक नावाच्या दर्यावर्द्याने ज्या जहाजातून पृथ्वीप्रदक्षिणा केली, ते जहाज कुजून मोडकळीला आलं. तेव्हा त्याच्या उरलेल्या लाकडाची ही खुर्ची करून घेतली आणि १६६२ साली ग्रंथालयाला भेट दिली. या खुर्चीत ड्रेक बसला होता असं कुणी म्हटलं नाही. जहाजाच्या लाकडाची खुर्ची, एवढंच म्हटलं. साडेतीनशेहून जास्त वर्षं झाली, लोक अजून तिला बघायला जातात. म्हणजे खरं सांगितल्याने वस्तूचं मोल जातंच असं नाही.

हे सगळं मी एवढ्या तपशिलाने वाचायला लागले त्याला घरचं निमित्त आहे. आमच्या सासरचा दांडियाबाजारातला वाडा २०१८ साली पाडला. १९०८च्या सुमाराला बांधलेला. भिंती पार खचल्या होत्या, राहणं धोक्याचं होतं, सगळ्या भावांनी मिळून ठरवलं. ओसरीवरचे आठ मदल उतरवले, त्यातले चार धड निघाले. मिस्त्रींनी त्यातून दोन खुर्च्या केल्या. पाठीच्या दोन्ही बाजूंना मदल उभे, बाकी पाय, हात, बसक सगळं नवं. एक आमच्याकडे आली, एक मोठ्या दिरांकडे. सुंदर झाल्या आहेत, मी उगाच विनय दाखवणार नाही.

गेल्या वर्षी दिरांची तब्येत बिघडली, खर्च वाढला आणि पुतण्याने त्यांच्याकडची खुर्ची विकायला काढली. जुन्या वस्तूंचा एक व्यापारी येऊन पाहून गेला. म्हणाला, अशीच दिलीत तर १८ हजार. पण घराण्याच्या लेटरहेडवर चार ओळी लिहून दिल्यात, की ही खुर्ची गायकवाडांच्या सरदारांच्या वाड्यातली, दीडशे वर्षांची, तर ७० हजार. आणि तो खरंच शहाणा माणूस. पुतण्याचा चेहरा पाहून लगेच म्हणाला, "सरदार लिहू नका हवं तर. नुसतं 'गायकवाडांच्या सेवेतल्या जुन्या मराठी घराण्याच्या वाड्यातून' असं लिहा."

आता बघा. आमचे पणजेसासरे खानगी खात्यात कारकून होते. म्हणजे गायकवाडांच्या सेवेत होते, खरं. घराणं मराठी, खरं. जुनं, खरं. लाकूड वाड्यातून, खरं. वाक्यातला एकेक शब्द खरा आणि वाचणाऱ्याच्या मनात उभं राहणारं चित्र सगळं खोटं. सरदार त्या खुर्चीत मांडी ठोकून बसलेले त्याला दिसणार. आपल्याकडे यालाच नरो वा कुंजरो वा म्हणतात. अश्वत्थामा मेला हे धर्मराजाचं वाक्यही शब्दाने खरंच होतं, हत्ती मेलाच होता. तरी त्याचा रथ, जो जमिनीपासून चार बोटं वर चालायचा, तो खाली टेकला असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. शब्दाचं खरेपण तपासलं गेलं नाही. समोरच्याने काय समजावं म्हणून बोललास, ते तपासलं गेलं.

पुतण्या चांगला मुलगा आहे. त्याचा मुद्दा मी इथे प्रामाणिकपणे देते, कारण तो आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात येईल. तो म्हणाला, "काकू, यात नुकसान कुणाचं? घेणारा श्रीमंत. त्याला गोष्ट हवी आहे, लाकूड नको. त्याला गोष्ट मिळते, बाबांच्या औषधांचे पैसे निघतात. तुमचं सत्य कुणाच्या पोटात औषध घालणार आहे?"

हा प्रश्न हसण्यावारी नेता येत नाही. सत्य बोला म्हणणं सोपं असतं जेव्हा औषधाचं बिल आपल्या हातात नसतं. म्हणून मी विचार केला की खरंच, नुकसान कुणाचं? घेणाऱ्याचं तर होतंच. ५२ हजार जास्त. श्रीमंताचं झालं म्हणून ते नुकसान नाही असं म्हणता येत नाही. उद्या तो ती खुर्ची दुसऱ्याला त्याच गोष्टीसकट विकणार. दुसरा तिसऱ्याला. कधीतरी ती एखाद्या संग्रहालयात जाईल आणि कुणी विद्यार्थिनी त्यावरून लिहील की १८७० साली वडोदऱ्यातले सरदार अशा खुर्च्यांत बसत. आमच्या घरच्या चार ओळींमुळे. व्हर्सायला नेमकं तेच झालं होतं.

पण माझ्या मनात जास्त रुतलं ते दुसरंच नुकसान. मिस्त्रींचं. ती खुर्ची दीडशे वर्षांची म्हटली की मिस्त्री त्यातून पुसले गेले. त्यांनी मदलांचा उतार बघून पाठीचा कल ठरवला. कोरीवकाम टोचू नये म्हणून मधली पट्टी पुढे घेतली. एकही मोर कापला नाही, त्याऐवजी पाठच उंच केली. हे सगळं कुणा मेलेल्या, कधी नसलेल्याच कारागिराच्या नावावर जमा होणार. चोरी म्हणजे वस्तू उचलणं असं आपण समजतो. जिवंत माणसाचे कष्ट उचलून खोट्या पूर्वजाच्या झोळीत टाकणं ही पण चोरीच. आणि गंमत म्हणजे पूर्वजाचाही त्यात मान राहत नाही. १९०८ साली ज्याने ते मदल कोरले, त्याने खुर्ची केली नव्हती. त्याने आमच्या घराचा वरचा मजला पेलणारा आधार केला होता. शंभरावर वर्षं त्याच्या जोरावर चार पिढ्या माडीवर झोपल्या. "सरदारांची खुर्ची" म्हटलं की तो आधारही गेला आणि घरही गेलं. एका खोट्याने तिघांना पुसलं: वाडा, तो जुना सुतार आणि आमचे मिस्त्री.

मिस्त्रींना मी हे विचारलं होतं, की कुणी तुमची खुर्ची जुनी म्हणून विकली तर? त्यांनी चष्मा वर केला आणि मदलावर हात ठेवून म्हणाले, "बेन, ए तो मदल छे, खुरशी नथी." खुर्ची मी केली, हे त्यांनी वेगळं म्हटलंसुद्धा नाही.

घेणाऱ्यांबद्दलही दोन शब्द, कारण आपण विकतो कमी आणि घेतो जास्त. फसवला जाणारा नेहमी निष्पाप असतो असं नाही. आपल्याला ऐकायचं असतं म्हणून दुकानदार सांगतो. शंभर वर्षं म्हटलं की आपला चेहरा पडतो, दोनशे म्हटलं की उजळतो, आणि तो चेहरा बघूनच आकडा वाढवतो. शिवाय या हौसेला दुसरी बाजू आहे. कोरीव तुकड्याला भाव आला की उभ्या घरातला तुकडाही काढून विकायचा मोह होतो. पडलेल्या वाड्याचं लाकूड वाचवणं वेगळं आणि लाकडासाठी वाडा उघडा करणं वेगळं. म्हणून घेताना विचारा, कुठलं आहे, घर पडलं होतं की पाडलं. पुढे हेही विचारा की यातलं जुनं नेमकं किती. चांगला व्यापारी या प्रश्नाला रागावत नाही. आपल्या देशात १९७२चा कायदा आहे. शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू पुरावस्तू ठरते आणि ती खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. त्यामुळे कुणी "खूप जुनी आहे, आणि अमेरिकेत मुलाकडे पाठवायची तर तेही करून देतो, कागदावर नवी दाखवू" म्हणाला, तर उठून घरी या. एकच खुर्ची दुकानात जुनी आणि बंदरावर नवी असू शकत नाही.

आमच्या खुर्चीचं काय झालं ते विचाराल. दिरांनी स्वतःच निकाल लावला. त्यांना वर्तमानपत्र धरवत नव्हतं, पण आवाज खणखणीत होता. म्हणाले, "माझ्या औषधाला माझ्या आजोबांना सरदार करू नका. ते कारकून होते आणि हिशोबाला चोख होते." औषधाच्या खर्चाचा वाटा आम्ही तीन घरांनी उचलला. आपल्या केंद्रातल्या दोन गुरुबंधूंनीही न सांगता हातभार लावला, त्यांची नावं लिहिलेली त्यांना आवडणार नाहीत. खुर्ची विकली मात्र गेलीच, कारण पैशांची गरज खरी होती. पुण्याच्या एका जोडप्याने घेतली, २६ हजारांना. व्यापाऱ्याने खऱ्या कागदावर जितके दिले असते त्यापेक्षा बऱ्याच जास्त. त्यांना मदलाची गोष्ट आवडली. माडी पेलणारा टेकू आता आपली पाठ पेलणार, असं त्या बाई म्हणाल्या.

देताना बसकीखाली एक कागद चिकटवला, वर लाखेचा हात मारला. मजकूर मी लिहिला. "पाठीचे दोन कोरीव मदल दांडियाबाजार, वडोदरा येथील आमच्या वाड्याचे, बांधकाम सुमारे १९०८. वाडा २०१८ साली उतरवला. बाकी सर्व काम नवे, २०१९." खाली मिस्त्रींचं पूर्ण नाव. वाचून दाखवायला त्यांच्याकडे घेऊन गेले. त्यांनी दोनदा ऐकलं, नावावर थोडे लाजले. मग म्हणाले, एक राहिलं. मागचा डावा पाय वेगळ्या सागाचा आहे, तेव्हा फळी कमी पडली होती. तेही लिहा.

लिहिलं.

– एक गुरुभगिनी, वडोदरा